सोमवारची मेढ

रविवार, २ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लावून अंगणातून आत येते तोच सुगंधाअक्का दारात. माझी मावसबहीण, दोन गावं पलीकडे दिलेली. हातात पेढे. तिच्या ऋतिकाचं लग्न तीस तारखेला धरलंय आणि मांडवाची सगळी सजावट दिपमालाने करायची, असं पोरीचंच म्हणणं आहे. दिपमालाने म्हणजे मी. ह्यांचं 'प्रेमराज मंडप-बिछायत' नव्हे, मी!

चौदा वर्षं ह्यांच्या दुकानामागच्या गोदामात बसून मी प्लॅस्टिकच्या माळा धुतल्या आणि थर्माकोलच्या मोरांना डोळे चिकटवले. अख्ख्या भडगावात माझे मोर नाचले, पण माझं नाव कुणाला ठाऊक नाही. म्हणून आज ही वही काढली. पहिलं स्वतःचं काम आहे, लिहून ठेवलं पाहिजे.

ऋतिकाची अट अशी की प्लॅस्टिकचं एकही फूल नको, थर्माकोल नको, हिरवा स्पंज नको. शेतात, बांधावर, नदीकाठी जे मिळेल तेवढ्यातच करायचं. ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हाऊ मांडव शे का गोठा?" मी म्हटलं, आपल्या कानबाई देवीला आपण काय प्लॅस्टिक लावतो का? तेव्हा उठून दुकानात गेले.

जाताना अक्का हळूच म्हणाली की पोरीचं मन लग्नात नाही. तिने वनरक्षकाची परीक्षा दिलीय, धुळ्याला जाऊन धावण्याची चाचणीही पास झाली, आता फक्त निवडीची यादी लागायची आहे. सुरतची सासरची मंडळी तर सुनेला नोकरी करू देणार नाहीत, हे त्यांनी बैठकीतच सांगितलंय. "तिना बापनी तिले शब्द देल शे," अक्का म्हणाली. "मेढ रोवाना पहिले नोकरीना कागद उना, तर तो सोता सुरतले नही म्हनी दी. मेढ रोवाई गयी, की मंग काही नही."

मेढ म्हणजे मांडवाचा पहिला, मानाचा खांब; तो रोवला की लग्न पक्कं. बापाने पोरीची समजूत काढायला काहीतरी म्हणायचं असतं, तसं म्हटलं असेल. माझ्या बापाने मला गरोदरपणात चंद्र आणून देईन म्हटलं होतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ऋतिकाबरोबर गिरणेच्या काठाने हिंडले. पोरगी झाडाझुडपांत अशी शिरते की मला धाप लागते. पांढऱ्या तुऱ्यांचं गवत सध्या ऐन भरात आहे. ते कापायचं कधी, उलटं टांगून वाळवायचं किती दिवस, सगळं मी ठरवलं. तिला मात्र प्रत्येक झाडाचं नाव पाठ. फुलाचं, पानाचं, कुठल्या महिन्यात काय फुलतं ते सगळं.

मग म्हणते, "मावशी, मला पळसाची फुलं हवीत कमानीला."

मी म्हटलं, "अगं, पळस फाल्गुनात फुलतो."

"मग लग्न फाल्गुनात करू."

हसले मी खूप. हिचं डोकं कुठून कुठे चालतं! थोड्या वेळाने म्हणाली की कळलावी तरी लावा. ती पण पावसाळ्यातलीच, आणि वर लग्नात कळलावी? घरात ठेवली तरी भांडणं लागतात म्हणतात. "लागू द्या ना," म्हणाली. आजकालच्या मुलींना थट्टा-मस्करीचा काळवेळ नाही.

तिला सांगितलं, काळजी करू नको, पळसाच्या रंगाचा झेंडू आहे दाजींच्या, तुझ्या बाबांच्याच मळ्यात, कमान अशी पेटल्यासारखी दिसेल की बघत राहशील. तर ती भराभर पुढे चालायला लागली. आनंदाने पायांना वेग आला असावा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज फजिती. कपाशीची उमललेली बोंडं फांदीसकट तोडून आणली होती. मातकट सालीवर पांढरा शुभ्र कापूस, त्यापुढे गुलाब काय दिसतो! पोतं माजघरात ठेवलं. दुपारी हे झोपायला गेले आणि आरडाओरडा. गुलाबी अळ्या! पोत्यातून निघून उशीवर, गादीवर, ह्यांच्या कानापर्यंत. शेतकऱ्याच्या घरात जन्मून मला हे आधी सुचू नये? बोंडं आधी कडक उन्हात घालायची असतात. ह्यांनी दिवसभर मला 'अळीवाली' म्हणून हाक मारली.

आता बोंडं गच्चीवर आहेत. केळफुलं मात्र फुकट आणि हवी तेवढी. घड निसवून बाहेर आला की खालचं केळफूल छाटून फेकूनच देतात. बांधायला केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाच्या दोऱ्या करतेय, सुतळीसुद्धा वापरायची नाही. बोटं सोलून निघाली. पण झुपका तयार झाला की मी त्याच्याकडे पाहत बसते. इतकी वर्षं कुणी मला असं काम का दिलं नाही?

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी पाटाच्या रस्त्याने जात होते. समोरून ऋतिका धावत आली, ट्रॅक पँट, केस घट्ट बांधलेले. लग्न ठरलेल्या मुलीने असं रस्त्याने धावायचं? मी थांबवलं. म्हणाली, "सवय मोडली तर परत लागायला वेळ लागतो." मी म्हटलं, सुरतला नवव्या मजल्यावर लिफ्ट आहे, तिथे कशाला धावायला लागतंय? नवरा मुलगा भूपेंद्र, त्यांचे सोळा माग आहेत, घरात स्वयंपाकाला बाई आहे. मला तर ऐकूनच हेवा वाटला.

तिने मला विचारलं, "मावशी, तुम्हाला लग्नाआधी काय करायचं होतं?"

मला रोपवाटिका काढायची होती. नर्सरी. भडगावला आले तेव्हा मागच्या अंगणात बारा रोपं लावली, तिथे पुढे गोदाम झालं. हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "काही नाही गं. तुझ्यासारखं डोकं नव्हतं मला."

रविवार, १६ नोव्हेंबर

मोठी अडचण. काल जागेवर जाऊन दोरी धरून मापं घेतली. कमान सोळा फूट उंच. बांबूचा सांगाडा, त्यावर गवताचे तुरे, ज्वारीची कणसं, बोंडं, केळफुलं, शेवटी ताजा झेंडू आणि शेवंती. दोन्ही बाजूंना टोपल्यांत उगवलेल्या ज्वारीच्या हिरव्या भिंती. हे सगळं चढवायला मला चार दिवस हवेत. पण मेढीआधी मांडवाचा एक खांबसुद्धा रोवायचा नाही, ही रीत. उंबराचीच फांदी आणायची, दुसऱ्या लाकडाची मेढ मेढच नव्हे; खड्ड्यात हळद-सुपारी घालायची, पाच सवाष्णींनी पूजा करायची, मग बाकीचे खांब. आणि मेढ धरलीय गुरुवारी, सत्तावीसला! शनिवारी हळद. म्हणजे माझ्या हातात एकच दिवस. एका दिवसात गोठा होतो, मांडव नाही.

उपाय एकच, मेढ अलीकडे आणायची. भटजींना फोन केला. सोमवार चोवीस तारीखही चांगली म्हणाले. आता दाजींना पटवायचं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पटवलं!

रतिलालदाजी ओट्यावर बसले होते. ऋतिका आत दाराशी पीठ चाळत होती. मी सगळं समजावून सांगितलं, कमान, टोपल्या, चार दिवस. दाजींनी एकदा आत पाहिलं. चाळण थांबली होती. मग कितीतरी वेळ ते आपल्या हातांकडेच बघत बसले. शेवटी म्हणाले, "भटजी हो म्हनस, तर मी काय म्हनू?"

अक्का एकदम उठून चहा ठेवायला गेली. मला वाटलं होतं दाजी खर्चाचं काही काढतील, पण तसं काही निघालं नाही. साधा माणूस.

निघताना ऋतिका फाटकापर्यंत आली. "मावशी, मेढ गुरुवारीच रोवा ना." मी म्हटलं, अगं तुझ्याच मांडवासाठी चाललंय हे. "मांडव थोडा कमी चालेल मला. कमान नको. टोपल्या नकोत." आता ऐका! तिच्या अटींपायी माझ्या बोटांची साल गेली, आणि आता हिला कमान नको. मी चिडले. म्हटलं, "तीन दिवसांनी काय फरक पडतो तुला?"

ती म्हणाली, "यादी पुढच्या आठवड्यात लागणार म्हणतात."

"यादी-यादी काय घेऊन बसलीस. वर्षभर झालं, ती लागतेय का?"

परत येताना रिक्षात वाईट वाटलं थोडं. पण मी तरी काय करू? सुरतच्या पाहुण्यांत एक बाई आहे, तिचा तिकडे लग्नं सजवायचा मोठा व्यवसाय आहे, ती मुद्दाम माझा मांडव बघणार आहे. अर्धवट कमान दाखवू तिला?

शनिवार, २२ नोव्हेंबर

दोन दिवस अक्काकडेच मुक्काम. सामान सगळं खळ्यात मांडलंय. ऋतिका मदतीला बसते, पण दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघते, अंगठ्याने पान वर ओढते, पुन्हा बंद करते. सुरतचाच फोन असणार. मी डोळा मारला, तर तिने फोन उलटा ठेवला. लाजली.

पुनाआबांशी माझं वाजलं. दाजींचे चुलते, भाऊबंदांत सगळ्यांत वडील. मेढ मीच आणणार म्हटलं, कारण मला कमानीला जुळणारी सरळ फांदी हवी. आबा काठी आपटून म्हणाले, "मेढ भाऊबंद आनतस. बाईमानूस कथाईन आनी?" मी म्हटलं, आबा, तुमचे भाऊबंद वाकडी फांदी आणतात आणि मग मांडव वाकडा होतो. बायका हसल्या. आबांनी तोंड फिरवलं, म्हणजे होकार.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पहाटे कोयता घेऊन एकटीच पाटावर गेले. मनगटाएवढी, सरळ, उंबराची फांदी. उंबरापुढे हळदकुंकू वाहिलं, मग तोडली. घरी आणून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मढवली. आंब्याची पानं, ज्वारीची कणसं, वर लाल कापड. साल बोटभरही दिसत नव्हती. मेढ इतकी देखणी असते का कुठे, असं सगळ्याच बायका म्हणाल्या.

दहा वाजता रोवली. आबांनी मंत्रासारखं काहीतरी पुटपुटत पाणी घातलं. दाजींनी माती लोटली. अक्काने ऋतिकाला बोलावलं, नवरीने हळद लावायची असते. ती आली, लावली, आणि मेढीला हात लावून उभीच राहिली. अक्काला तिचा दंड धरून बाजूला करावं लागलं.

दुपारपासून बांबू चढवायला घेतले. गवताचे तुरे वर गेले आणि वाऱ्यात हलायला लागले तेव्हा मी खाली उभी राहून अक्षरशः रडले. इतकं सुंदर काही मी याआधी केलं नव्हतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

यादी लागली.

अकरा वाजता ऋतिका खळ्यात आली. चेहरा पांढराफटक. फोन माझ्यासमोर धरला. तिचं नाव, तिचा नंबर, समोर 'निवड'. मी म्हटलं, "अगं वा!" तोंडातून गेलंच. आणि मग मला समजलं, मी काय केलंय ते.

ती फोन घेऊन दाजींकडे गेली. मी मागे गेले. दाजींनी चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसत बसले. आबा खाटेवर होते. दाजी म्हणाले, "बेटा, कालदिन मेढ रोवाई गयी." एवढंच. आबा लगेच म्हणाले, "मेढ रोवाई गयी म्हनजे लगीन लागी गयं. आते इचार कसाना?"

ती भांडेल असं वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हो बाबा." आणि खळ्यात येऊन माझ्याजवळ बसली, कणसांचे झुपके बांधायला लागली. मी सांगेन तसे. सोपट घट्ट, गाठ मागे, देठ सारखे. एकही चूक नाही. दिवसभरात शंभरएक बांधले असतील. जेवायला उठ म्हटलं, उठली. बस म्हटलं, बसली. पूर्वी ती माझं एक ऐकत नव्हती.

काल मेढ नसती, परवा असती, तर पोरगी आज मोकळी होती. एका दिवसाने! आणि तो दिवस मी कापला, कमानीसाठी. भटजींना फोन मी केला. दाजींना मी पटवलं. तीन दिवसांनी काय फरक पडतो, हेही मीच म्हटलं. दाराशी चाळण थांबली होती, दाजी हातांकडे बघत होते, अक्का उठून गेली होती. तिथे सगळ्यांना कळलं होतं, फक्त मला कळलं नाही. मला माझे तुरे दिसत होते.

कमानीखालून आत-बाहेर जायला आज जीव नको म्हणतोय. बांबूंमधून बघितलं की पलीकडे ती बसलेली दिसते, मान खाली, हात चालू.

बुधवार, २६ नोव्हेंबर

इथे लिहून ठेवते, कारण यापुढे दुसरीकडे कुठेही मला हे म्हणता येणार नाही. मेढ उंबराचीच होती. मी माझ्या हातांनी तोडली होती.

आता भडगाव तालुक्यात मला कुणी लग्नाला बोलावणार नाही. बारशालाही नाही. हे सकाळपासून फोन उचलत नाहीत. अक्काच्या जाऊबाईने मला येताना पाहिलं आणि हळदीची परात पदराखाली झाकली. शेजारची भिकुबाई गावभर सांगत सुटली आहे, आणि ती सांगते ते दोन दिवसांत धुळ्याला पोचतं. सुरतची बाई तर आता येणारच नाही. ठीक आहे. मला हे सगळं काल संध्याकाळीच दिसत होतं.

सकाळी नऊ वाजता भाऊबंद मांडवात चहाला जमले होते. मी सगळ्यांसमोर जाऊन उभी राहिले. "दाजी, मनी चूक व्हयनी," म्हटलं. "हाई मेढ उंबरनी नही शे. पहाटे अंधारात माले उंबर सापडना नही. सुबाभूळ तोडी लयनू. म्हनीसन बठ्ठी मढी टाकी."

चहाचा कप कुणाच्या तरी हातातून पडला. सुबाभूळ! शेळ्यांना घालतात ती. बायकांनी तोंडाला पदर लावले. आबा काठी घेऊन उठले, "काय बोली ऱ्हायनी तू? तुले लाज शे का?" मला वाटलं मारतात. अक्काने डोळे मिटून घेतले. ऋतिका ओट्यावर उभी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि काही समजल्यासारखी तिची मान हळूहळू वर येत होती.

आबा म्हणाले, "काढा ते पानं. देखू द्या बठ्ठासले."

माझं धाबं दणाणलं. एवढं खोटं बोलले आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. उंबराला नखाने ओरखडा काढला तरी पांढरं दूध येतं. सुबाभळीला येत नाही. गावातल्या पाच वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक आहे. आबांची नजर अधू, पण बाकीचे वीस जण तिथे होतेच.

आबा पुढे सरकले, पण त्यांच्या आधी दाजी उठले. सगळ्यांकडे पाठ करून मेढीपुढे बसले, अगदी जवळ, मला कडेने तेवढं दिसत होतं. खालची चार पानं बाजूला केली. अंगठ्याच्या नखाने साल खरवडली.

दूध आलं. पांढरं, टपोरं, त्यांच्या नखाखालून ओघळलं.

चाळीस वर्षं शेती केलेला माणूस. ते त्या थेंबाकडे बघत राहिले. मग पानं होती तशी खाली सोडली, अंगठा धोतराला पुसला, आणि उठून भाऊबंदांकडे वळले.

"सुबाभूळच शे," म्हणाले. "मेढ आजून रोवायनीच नही. म्हनजे मना शब्द आजून चालू शे. सुरतले फोन लावा."